बाळाच्या दाराबाहेर बसवलेल्या बापांविषयी: आरोग्य आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक, राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य, मुंबई,
आणि राज्यातील सर्व विशेष नवजात काळजी कक्षांचे प्रभारी बालरोगतज्ज्ञ व परिसेविका यांस,

विषय: नवजात अतिदक्षता कक्षात दाखल बाळांच्या वडिलांना आत प्रवेश, माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी एका निमशासकीय कार्यालयात लिपिक आहे. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात, १,१८० ग्रॅम वजनाची जन्मली आणि पुढचे ४१ दिवस एका जिल्हास्तरीय शासकीय रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे लोक ज्याला नुसते ‘पेटी’ म्हणतात तिथे, होती. आज ती अंगणवाडीत जाते आणि चप्पल उलटी घालू नको म्हटले की मुद्दाम उलटी घालते. उपचारांविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. ज्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी तिला वाचवले त्यांची नावे आमच्या घरात आजही रोज निघतात. माझे म्हणणे त्या कक्षाच्या दाराविषयी आहे, आणि त्या दारावर चिकटवलेल्या एका कागदाविषयी, ज्यावर लिहिले होते: ‘फक्त मातांना प्रवेश’.

हा नियम कोणत्या परिस्थितीत बापाला भेटतो, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पहिले बाळंतपण म्हणून पत्नी माहेरी होती. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब अचानक वाढला, झटके येण्याची भीती निर्माण झाली, आणि मी दुसऱ्या जिल्ह्यातून बसने पोहोचेपर्यंत तालुक्याच्या रुग्णालयात तिला सिझेरियनसाठी आत नेलेले होते. बाळ रडले नाही असे मला सांगण्यात आले, काही वेळाने रडले असे सांगण्यात आले, आणि मग, ‘१०८ बोलावली आहे, सोबत कोण जाणार?’ असे विचारण्यात आले. पत्नी टेबलावर होती. सासरे रक्ताच्या पिशवीसाठी गेलेले होते. मी गाडीत बसलो. चोपन्न किलोमीटरच्या त्या प्रवासात गाडीतल्या डॉक्टरांनी एका हाताने मुलीच्या नाकावर ऑक्सिजन धरला होता आणि दुसऱ्या हाताने खिडकीची दांडी. मी तिचा एक पाय पाहिला, माझ्या करंगळीएवढा. जिल्ह्याच्या ठिकाणी उतरल्यावर तिला आत घेतले गेले, दार बंद झाले, आणि सुरक्षारक्षकाने मला कागद दाखवला.

महोदय, आपल्या कक्षांचे दोन भाग असतात: त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा एक, आणि बाहेरून आणलेल्या बाळांचा दुसरा. हे मी तुम्हाला सांगावे असे नाही, पण या विभागणीचा एक अर्थ कदाचित कोणी मांडलेला नसेल. बाहेरून आणलेल्या बाळाची आई बहुतेक वेळा त्याच्यासोबत नसतेच. ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या खाटेवर, टाके घेऊन पडलेली असते आणि पहिले तीन, चार, कधी सात दिवस तिथेच असते. त्या दिवसांत बाळाच्या जवळचे रक्ताचे माणूस म्हणजे बाप, किंवा मामा, किंवा आजी. जिथे आई येऊच शकत नाही, तिथे ‘फक्त मातांना प्रवेश’ या पाटीचा व्यवहारातला अर्थ ‘कोणालाही प्रवेश नाही’ एवढाच उरतो. माझ्या मुलीला तिच्या आयुष्याच्या पहिल्या पाच दिवसांत आपल्या माणसाचा स्पर्श झाला नाही, आणि तिचा बाप त्या संपूर्ण काळात तिच्यापासून वीस पावलांवर बसलेला होता.

बसलेला होता हेही अर्धसत्य आहे. या पाच दिवसांत मी काय केले त्याची यादी माझ्या डायरीत आहे, कारण लिपिकाची सवय जात नाही. आधार कार्ड आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स काढणे, जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्रांच्या टेबलापुढे उभे राहणे, रक्तपेढीत नमुना पोचवणे, पिशवी आणणे, बाहेरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आणणे, लंगोट आणणे, आणि सह्या करणे. सह्यांपैकी दोन अशा कागदांवर होत्या ज्यांत ‘धोक्याची पूर्ण कल्पना दिली आहे’ असे छापलेले होते. कल्पना दिली गेली ती दाराच्या फटीतून, अर्ध्या मिनिटात, आणि ती देणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या मागे कुठलासा अलार्म वाजत होता, त्यामुळे त्यांचे लक्ष तिकडे होते. मी त्यांना दोष देत नाही, आतला अलार्म माझ्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचाच होता. पण बाळाच्या जिवाच्या कागदावर ज्याची सही चालते, त्याचे धुतलेले हात बाळाच्या अंगाला का चालत नाहीत, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही.

बाळाच्या पायाला जी पट्टी असते तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असते. अदलाबदल होऊ नये म्हणून ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे दाराबाहेरच्या आम्हा सर्व पुरुषांना आमच्या बायकांच्या नावाने पुकारले जाई, ‘अमुकचं कोण आहे?’ अशा शब्दांत, आणि जो उठेल तो. नावाने पुकारण्याविषयी मला वाईट वाटले नाही, उलट त्या बाकावर आम्ही एकमेकांनाही बायकांच्याच नावांनी ओळखू लागलो होतो. वाईट होते ते वेगळेच. पहाटे तीन वाजता ज्या आवाजात ‘औषध आणा’ म्हणून हाक येई, अगदी त्याच आवाजात शेवटची हाकही येई. नाव ऐकू आल्यापासून दारापर्यंतची वीस पावले माणूस काय मनात घेऊन चालतो, याची कल्पना आतल्यांना येणे कठीण आहे, कारण त्यांनी ती पावले उलट्या दिशेनेच चाललेली असतात.

याच दिवसांत बापावर आणखी एक काम येऊन पडते आणि ते कोणत्याही नोंदवहीत नसते. बाळाची बातमी बाळाच्या आईला सांगण्याचे ते काम आहे. आमच्याकडे घरच्या वडीलधाऱ्यांनी एकमुखाने बजावले होते की तिला काही सांगू नकोस, तिने धसका घेतला तर दूध आटेल. म्हणून मी फोनवर तीन दिवस खोटे बोललो. ‘बाळ छान आहे, झोपलं आहे,’ असे सांगत होतो, आणि प्रत्यक्षात मी बाळाला पाहिलेलेच नव्हते. तिने फोटो मागितला तेव्हा आत मोबाईल चालत नाही असे सांगितले, ते मात्र खरे होते. तिसऱ्या रात्री तिने विचारले, ‘ती आहे ना?’ त्यानंतर मी दारावर जाऊन हात जोडले आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी स्वतःच्या फोनवर एक फोटो काढून मला पाठवला. त्या फोटोत नळ्याच जास्त होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी पत्नीला पहिल्यांदा चमचाभर दूध आले. हा योगायोग असेल, मी वैद्यकीय माणूस नाही, पण दररोज एक फोटो आईपर्यंत पोहोचवण्याला फारसा खर्च येत नाही, एवढे मला कळते.

दुधाचेच पुढचे सांगतो. दूरच्या रुग्णालयात असलेल्या आईचे काढलेले दूध बाळासाठी आणता येते, ते नळीवाटे दर दोन तासांनी दोन-दोन मिलिलिटर देता येते, आणि एवढ्या लहान बाळाला ते औषधाइतकेच मोलाचे असते, ही माहिती मला कक्षातून मिळाली नाही. ती मला चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका बापाने दिली, जो अकरा दिवसांपासून तिथे होता आणि म्हणून आमच्यात ज्येष्ठ मानला जात होता. स्टीलची डबी उकळून घ्यायची, थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात ती ठेवायची, पहिली गाडी पकडायची, डबीवर वेळ लिहायची, हे सगळे मी त्याच्याकडून शिकलो. सातव्या दिवसापर्यंत मी रोज सकाळी चोपन्न किलोमीटर जाऊन दूध घेऊन परत येत होतो. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याच महाराष्ट्रात आईच्या दुधाची वाहतूक बापाने कशी करावी हे चहावाल्याच्या बाकड्यावर कळावे, ही गोष्ट मला अजून खटकते.

आत काय चालले आहे हे समजण्याची भाषाही आम्हाला कोणी दिली नाही. सीपॅप, सर्फॅक्टंट, सॅच्युरेशन हे शब्द आम्ही कानावर पडतील तसे उचलत होतो आणि एकमेकांना चुकीचे समजावून सांगत होतो. बाळ श्वास घ्यायला विसरते म्हणून तिला कॅफिन सुरू केले आहे असे मला एकदा सांगण्यात आले. त्या रात्री मी जागे राहण्यासाठी चौथा चहा घेत होतो आणि बापलेक एकाच औषधावर आहोत हे लक्षात येऊन मला एकट्यालाच हसू आले. शेजारच्या बाकावरच्या माणसाला वाटले, माझे काही बरेवाईट झाले. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला श्वासाचा ताबा अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे असे थांबणे अपेक्षितच असते आणि बहुतेकदा पायाला टिचकी मारली तरी बाळ पुन्हा श्वास घेते, हे मला कोणी पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितले असते, तर पुढच्या कित्येक रात्री सुसह्य झाल्या असत्या.

आता एकोणिसाव्या दिवसाविषयी. तोपर्यंत पत्नीला त्याच रुग्णालयात हलवले होते आणि ती आत जाऊन मुलीला छातीशी धरू लागली होती, ज्याला आपण कांगारू पद्धत म्हणतो. पण तिचे टाके चिघळले, ताप आला आणि तिला दोन दिवस आत जाण्यास मनाई झाली. मुलीचे वजन त्या आठवड्यात प्रथमच वाढू लागले होते. प्रभारी सिस्टर बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘दादा, नखं कापली आहेत का? मग या आत.’ कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते त्यांनी भिंतीवरच्या चित्रावरून दाखवले, गाऊन दिला, खुर्चीत बसवले, शर्टाची बटणे काढायला सांगितली आणि टोपी-लंगोटातली ती पोर माझ्या छातीवर उभी ठेवून वरून कापड बांधले. मला भीती वाटत होती ती माझ्याच छातीच्या धडधडीची. पंधरा-वीस मिनिटांनी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. सिस्टर एकदा येऊन पाहून गेल्या, काही बोलल्या नाहीत. मी तिथे एक तास दहा मिनिटे बसलो होतो.

निघताना सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘कुणाला सांगू नका, नियमात बसत नाही.’

मुलगी घरी आल्यानंतर मी हे नियम शोधून वाचले. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने २०१७ मध्येच नवजात बाळांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. त्यांत पालकांना कक्षात येऊ देणे, हात धुण्यापासून नळीने दूध पाजण्यापर्यंत आणि कांगारू पद्धतीपर्यंत टप्प्याटप्प्याने शिकवणे, घरी जाण्याची तयारी करून घेणे, हे सगळे आहे, आणि पालक म्हणजे केवळ आई असे त्यांत नाही. म्हणजे त्या सिस्टरांना आपण नियम मोडतो आहोत असे वाटत होते, आणि प्रत्यक्षात त्या कक्षात त्या दिवशी नियमाप्रमाणे वागणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यामुळे या पत्राद्वारे मी कोणतीही नवी योजना मागत नाही. असलेली सूचना दारावरच्या कागदापर्यंत पोहोचावी, एवढीच माझी पहिली मागणी आहे.

या सूचना हवेतून आलेल्या नाहीत. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन आत घेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जंतुसंसर्ग वाढल्याचे आढळले नाही आणि घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण वाढलेले आढळले. कांगारू पद्धतीचा उगम कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांच्याकडे, पेट्या अपुऱ्या होत्या म्हणून झाला. म्हणजे ती आमच्यासारख्यांच्याच गरजेतून आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात, एक किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना प्रकृती पूर्ण स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाले. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला; दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते, आणि त्यात बाळाला छातीशी धरणारी व्यक्ती आई किंवा आईच्या वतीने घरातली दुसरी कोणी, अशी सोय होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच संघटनेने कमी दिवसांच्या बाळांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत कुटुंबाचा सहभाग आहे आणि वडिलांच्या रजेचाही उल्लेख आहे.

या मागणीला जे आक्षेप घेतले जातात ते मला ठाऊक आहेत, कारण ते मी माझ्या घरातही ऐकले आहेत. त्यांतला सर्वांत खरा आक्षेप बायकांच्या संकोचाचा आहे. कक्षात किंवा शेजारच्या खोलीत इतर आया बाळांना पाजत असतात, छातीशी धरून बसलेल्या असतात. तिथे परके पुरुष येऊन बसले तर त्या बायका येणेच बंद करतील, असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नाही. बापांना आत घेण्याच्या उत्साहात एका जरी आईला पदर सावरून उठावे लागले, तर तो प्रयोग फसलाच म्हणायचा. पण या अडचणीला उत्तर नाही असेही नाही. दिवसातले दोन ठरावीक तास वडिलांचे ठेवावेत. त्या वेळी आया जेवायला किंवा विश्रांतीला जातात, आणि नाहीतरी चोवीस तास कोणतीही बाळंतीण खुर्चीत बसू शकत नाही. शेजारच्या खोलीत एका खुर्चीभोवती पडदा लावावा. ज्या सरकत्या पडद्याच्या चौकटी प्रत्येक वॉर्डात इंजेक्शन देताना वापरतात, त्याच पुरतील. आणि ज्या बाळाची आई दुसऱ्या गावी, आजारी किंवा हयात नाही, त्याच्या बापाला प्रथम वेळ द्यावी. कोणत्या तासाला काय सोयीचे, हे तिथल्या आयांनाच विचारून ठरवावे. आमच्या वेळच्या बायकांना मी पत्नीमार्फत विचारले होते. दुपारी दोन ते चार चालेल, असे त्यांनी स्वतःहून सुचवले होते.

दुसरा आक्षेप आमच्या वर्तनाचा आहे, आणि त्याविषयी आम्ही बापांनी प्रामाणिक असले पाहिजे. तोंडात तंबाखू धरून दारात उभे राहणारे, जिन्यात थुंकणारे, रात्री पिऊन येणारे पुरुष मी त्या आवारात पाहिले आहेत. डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारेही पाहिले आहेत, आणि अशा हल्ल्यांसाठी आपल्या राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, याची मला लाज वाटते. जो पिऊन येईल, ज्याला खोकला किंवा ताप असेल, जो हात धुणार नाही, त्याला आत घेऊ नये. सिस्टरांचा शब्द त्याबाबत अंतिम असावा. मात्र जे मी पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की धावून जाणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याला आठ दिवस काहीही कळलेले नसते आणि नवव्या दिवशी एकदम सगळे कळते. ज्याने बाळाचे वजन रोज वहीत उतरवले आहे, ज्याने सिस्टरांना एका वेळी सहा बाळांकडे धावताना काचेतून पाहिले आहे, त्याचा राग वेगळा असतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. ती बाहेरून आणलेल्या बाळांच्या भागातली होती. त्यानंतर अशा दारासमोर रात्र काढणाऱ्या कोणत्याही बापाच्या मनातून ते नाव जात नाही; आमच्या बाकावर ते कोणी उच्चारत नसे, पण जळका वास आला की सगळे एकदम उठत. आत नातेवाईक असणे हा सुरक्षिततेला पर्याय नाही, हे मी जाणतो. तरी रात्री आत डोळ्यांची आणखी एक जोडी असेल तर कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न पडतोच.

मनुष्यबळ कमी आहे, शिकवायला वेळ कोणाला आहे, असेही सांगितले जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजाताचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले आणि बालमृत्यू घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला दाखवले. ज्या राज्याने हे करून दाखवले, त्याला बापाला हात धुवायला शिकवणे जड जाऊ नये. एकदा शिकलेला बाप लंगोट बदलतो, नळीची सिरिंज धरतो, अलार्म वाजला की हाक मारतो. त्याने सिस्टरांचा वेळ वाचतोच.

रजेचा विषय आपल्या अखत्यारीत पूर्णपणे येत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातल्या आणि रोजंदारीवरच्या बापासाठी देशात कोणताही कायदा नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार दिवंगत राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. ते तिथेच राहिले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून, जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दाखल झालेले बाळ सलग सात दिवस रुग्णालयात राहिले तर आई आणि बाप दोघांनाही, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त, १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते. मी अर्जित रजा वापरली, ती संपल्यावर बिनपगारी घेतली, आणि तरीही मी भाग्यवान होतो. आमच्या बाकावर एक ऊसतोड कामगार होता. कोयता म्हणजे जोडपे. त्याची बायको दवाखान्यात आणि तो दाराशी, म्हणजे अख्खा कोयता बंद, रोजचा खाडा चालू आणि मुकादमाची उचल तशीच डोक्यावर. तो सहाव्या दिवशी बाळाला सासूवर सोपवून फडावर परत गेला. अशा माणसाला रुग्णालय एवढे तरी देऊ शकते: बाळ दाखल असल्याचा, तारखा आणि शिक्का असलेला दाखला, न मागता, पहिल्या दिवशी. मला तो मिळवायला चार चकरा माराव्या लागल्या.

झोपण्याच्या जागेचेही तसेच आहे. आयांसाठी खोली असते, आणि ती असलीच पाहिजे. बापांनी मात्र जिन्याखाली पुठ्ठे अंथरून झोपावे, सार्वजनिक नळावर अंघोळ करावी आणि मग बाळाजवळ येताना स्वच्छ असावे, अशी अपेक्षा आहे. एक पत्र्याची शेड, दोन मोऱ्या, मोबाईल चार्ज करण्याचे चार सॉकेट आणि कपडे ठेवायला कुलुपाचे कप्पे, यावर भागेल. फोन बंद पडू नये ही काळजी तिथे भुकेपेक्षा मोठी असते.

एका गोष्टीविषयी लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. बाविसाव्या रात्री आमच्यातल्या एकाला ती शेवटची हाक आली. त्याने सह्या केल्या, मग त्याच्या हातात कापडात गुंडाळलेले बाळ आणि एक कागद देण्यात आला, आणि तो फाटकाजवळ उभा राहून रिक्षावाल्यांना विचारू लागला. दोन रिक्षा गाठोडे पाहून निघून गेल्या. बाळ जिवंत असताना त्याला त्याने एकदाही हातात घेतलेले नव्हते. अशा वेळी बाहेर काढण्याची घाई न करता बापाला एका बंद खोलीत, खुर्चीवर, बाळाला मांडीवर घेऊन बसू द्यावे आणि घरापर्यंत वाहन द्यावे, ही विनंती मी त्याच्या वतीने करतो. तो स्वतः अर्ज लिहिणारा नाही.

मनाविषयी बाईला विचारणारी आशाताई असते, वॉर्डातल्या इतर बायका असतात. पुरुषाला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. जगभरच्या अभ्यासांत अशा बापांमध्ये नैराश्य आणि तीव्र ताण आढळलेला आहे. मला घरी आल्यावर चार महिने रात्री अलार्म ऐकू येत होता. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या शासकीय हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कक्षाबाहेरच्या भिंतीवर, बाकाच्या उंचीवर लावला तर कोणीतरी तो फिरवील. त्याहून उपयोगी पडेल ती रोजची ठरलेली भेट: दुपारी अमुक वाजता डॉक्टर बाहेर येतील, प्रत्येक बाळाविषयी आई आणि बाप दोघांना बसवून पाच मिनिटे मराठीत सांगतील, काल काय होते, आज काय आहे, उद्या काय पाहायचे. वेळ ठरलेली असली की बाकीचे तेवीस तास माणूस दारावर धडका मारत नाही. आणि रात्रीच्या हाकेत कामाचे स्वरूप आधी सांगावे. ‘अमुकचं कोण आहे, लंगोट हवा आहे,’ असे पुकारायला दोन शब्दच जास्त लागतात.

घरी सोडताना मला एक कार्ड मिळाले. त्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानांची तपासणी, लसी, वजन यांच्या तारखा होत्या, आणि कार्डावरच्या सूचना ‘मातेने’ या शब्दाने सुरू होत होत्या. पुढच्या प्रत्येक तारखेला गाडी काढून, रजा टाकून तिला घेऊन गेलो तो मी. डोळ्यांची तपासणी चुकली तर नजर जाऊ शकते, हे मला नेत्रतज्ज्ञांनी तिसऱ्या भेटीत सांगितले. सोडण्यापूर्वी एक दिवस बापालाही आत बसवून टोपी बांधण्यापासून धोक्याच्या लक्षणांपर्यंत सगळे करून घ्यावे, आणि कार्डावर ‘मातेने’ऐवजी ‘आई-वडिलांनी’ छापावे. पुढच्या छपाईच्या वेळी एवढा बदल सहज होईल.

या पत्राची प्रत मी आमच्या जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांना आणि त्या कक्षाला स्वतंत्रपणे देत आहे. त्या सिस्टरांचे नाव मी कुठेही लिहिलेले नाही. दारावरचा कागद बदलला की लिहीन.

आपला विश्वासू,
एका मुलीचा बाप